चेहरा भाऊजींचा, हात माझे

ताइनान
गुरुवार, दुपारी दोन (दुकान बंद, ओटे धुऊन झाले)

प्रिय अगाथा,

तुला 'सिस्टर' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, रागावू नकोस. वर्गात शेजारी बसून जी माझ्या डब्यातलं अंडं पळवायची, तिला एकदम आदराने हाक कशी मारायची? तुझे गुडघे कसे आहेत? ह्वालिएनला पुन्हा भूकंपाचे धक्के बसले असं बातम्यांत ऐकलं. मठाची घंटा जागेवर आहे ना? मदर बेनेडिक्टांना माझा नमस्कार सांग. मी बरी आहे. (पत्रात आधी दुसऱ्याची प्रकृती विचारावी, मग आपण बरे आहोत असं लिहावं, हे आपल्याला सिस्टर क्लेमन्सने शिकवलं. खोटं बोलायचं असेल तर ते तिथेच उरकून घ्यावं, हे मी सासरी शिकले.)

बातमी अशी की आमच्या दुकानाची वेबसाइट नवी झाली. जुनी माझ्या नवऱ्याने, वेन-लुंगने, केली होती. समोर पुस्तक उघडं ठेवून, दोन बोटांनी टाइप करत. निळं पान, त्यावर डावीकडून उजवीकडे बुडबुडे सोडत जाणारा एक मासा, आणि खाली आज किती जणांनी पान पाहिलं त्याचा आकडा. रोज संध्याकाळी तो आकडा बघून खूश व्हायचा. नऊ, कधी अकरा. त्यातले पाच तो स्वतः असायचा हे त्याला ठाऊक होतं; उरलेल्यांतले चार मी होते हे मी त्याला कधी सांगितलं नाही. तो जाऊन आठ वर्षं झाली तरी मासा पोहत होता. मीही अधूनमधून जाऊन बघून यायचे. (कबरीवर जातात तसं. पण तिथे चपला काढाव्या लागत नाहीत.)

तर थोरल्या भाऊजींनी ताइपेहून वेबसाइट बनवणाऱ्या एक को मिस बोलावल्या. वय तिशीच्या आत, आमच्या इथल्या उकाड्यात नखशिखांत काळे कपडे. तीन दिवस त्या आमच्या फ्रिजच्या दारावर पिवळे कागद चिकटवत होत्या; त्याला आखणी म्हणतात. कोळंबी काढायला दार उघडलं की आखणी जमिनीवर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुमच्या दुकानाचा आत्मा काय आहे? आत्म्याबद्दल आपल्याला शाळेत बारा वर्षं शिकवलं, पण उत्तर भाऊजींनी दिलं. थोडा विचार करून म्हणाले, मिरपूड. को मिसनी ते लिहूनही घेतलं. मग त्यांनी नवं पान दाखवलं. सगळं पांढरं, मधोमध दुकानाचं नाव एवढंसं. मी म्हटलं, निदान तो मासा तरी राहू दे. त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, तो मोबाइलवर चालत नाही." मी म्हटलं, तो पोहतो. त्यांनी तेही लिहून घेतलं आणि मासा काढून टाकला.

मासा गेला ते मी गिळलं. पुढचं ऐक. 'आमची गोष्ट' नावाचं एक पान असतं, ते भाऊजींनी तोंडी सांगितलं. सासऱ्यांनी दुकान कसं काढलं, सबाही माशाची पेज करण्याची त्यांची गुप्त रीत, ती वडिलांकडून मुलाकडे कशी आली. अगाथा, माझ्या सासऱ्यांच्या घशात लहानपणी सबाहीचा काटा अडकला होता. दोनशे बावीस काटे असतात त्यात, त्यातला एकच, पण त्यानंतर त्यांनी जन्मभर मासा तोंडात घातला नाही. पेज सासूबाईंची. कावड खांद्यावर घेऊन देवळाच्या दाराशी त्या ती विकायच्या. सासऱ्यांनी पुढे दुकानावर पाटी लावली, आणि पाटी मात्र खरंच सुबक होती. मी नवी नवरी, सिस्टर लोकांच्या शाळेत फ्रेंच गाणी आणि लेस विणायला शिकलेली. माशाकडे बघून रडले. सासूबाई ओरडल्या नाहीत. मागे उभ्या राहिल्या, माझं बोट आपल्या बोटाखाली धरलं आणि माशाच्या अंगावरून फिरवलं. म्हणाल्या, डोळे मीट, काटा दिसत नसतो, लागतो. चौतीस वर्षं मी तसेच काटे काढते आहे. भाऊजी गल्ल्यावर बसतात. तेही काम आहे, नाही म्हणत नाही.

फोटो काढायचा दिवस आला. को मिसना 'काम करणारे हात' हवे होते. भाऊजींचे हात पाहून (ते नखांना क्रीम लावतात) त्या माझ्याकडे वळल्या. माझा अंगठा फाटलेला, बोटांवर सुरीच्या जुन्या रेघा. त्यांना फार आवडले. आता पहिलं पान उघडलंस की वर भाऊजींचा हसरा चेहरा आणि त्याखाली मासा सोलणारे माझे हात. मध्ये त्यांनी पांढरी जागा सोडली आहे, त्यामुळे एकच माणूस वाटतो. वर ओळ, 'दुसऱ्या पिढीचे हात'. नमुना म्हणून आधी दाखवलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकाने खाली लिहिलं, मालकांच्या हातांत केवढे कष्ट दिसतात. भाऊजींनी उत्तर दिलं, धन्यवाद.

तेव्हा मी तोंड उघडलं. म्हटलं, एक ओळ घाला. 'पेज सासूबाईंची, हात पाओ-लुआनचे.' बाकी तुमचं असू दे. पानावर मासा ची-गूच्या तळ्यातला असल्याचं लिहिलंय, तांदूळ कुठल्या गावचा ते लिहिलंय, अगदी खाली बारीक अक्षरांत को मिसचंही नाव आहे. भाऊजी म्हणाले, "पाओ-लुआन, तू घरची आहेस. घरच्या माणसाचं नाव कुणी लिहितं का?" आणि थोरल्या जाऊबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, "नाव झालं म्हणून उद्या समोरच्या गल्लीत स्वतःचं दुकान थाटलंस, मग गं?"  माशाला गाव आहे, तांदळाला गाव आहे; मी घरची.

मग भाऊजींनी नेहमीचं केलं. बाबांना विचारू म्हणाले. आमच्याकडे फ्रिज बदलायचा असला तरी वरच्या मजल्यावर देवाघरी गेलेल्या सासऱ्यांच्या नावाच्या, पूजेतल्या पाटीसमोर कौल लावतात. (तुला मठात जाऊन चाळीस वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते: लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकायच्या. एक उताणी, एक पालथी पडली तर हो. दोन्ही पालथ्या तर नाही. दोन्ही उताण्या तर म्हातारा हसतोय, पुन्हा विचारा. मोठ्या गोष्टीला लागोपाठ तीनदा हो यावं लागतं.) भाऊजींनी मोठ्याने विचारलं, पाओ-लुआनचं नाव घालायचं का? म्हातारा हसला. पुन्हा टाकलं, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा दोन्ही पालथ्या. भाऊजी हात झटकून म्हणाले, बाबाच नाही म्हणतात, मी काय करू? को मिस दारात उभ्या होत्या. इतक्या झटपट निर्णय देणारं गिऱ्हाईक आपण पाहिलं नाही म्हणाल्या.

मी म्हटलं, मला द्या, मी विचारते. सगळे बघतच राहिले. चौतीस वर्षांत मी त्या चंद्रकोरींना बोट लावलं नव्हतं. मी येशूची, हे सासूबाईंनीही मान्य केलं होतं. गुडघे टेकले, मनात एक 'नमो मरिये' म्हटलं (तू माझ्यासाठी क्षमा माग, तुझी ओळख जवळची), आणि प्रश्नही मनातच विचारला. टाकलं. हो. पुन्हा. हो. तिसऱ्यांदा एक चंद्रकोर बराच वेळ डुलत राहिली, आणि पालथी पडली. हो.

जाऊबाईंचा चहा बशीत सांडला. भाऊजींनी पाटीकडे असं पाहिलं की जणू बाप फितूर झाला. पण बाबांचा शब्द तो शब्द. को मिसनी तिथेच जिन्यात बसून ओळ घातली. पंचांगात बघून मंगळवारी नवं पान सगळ्यांसाठी खुलं केलं. काल देवळाच्या कोपऱ्यापर्यंत रांग होती. लोक विचारतात, पाओ-लुआन कोण? भाऊजी मला हात पुसायला न देता बाहेर आणतात आणि म्हणतात, आमची पाओ-लुआन. सासूबाईंचं नाव मात्र 'सासूबाई' एवढंच छापलंय. त्यांचं नाव काय होतं, हे भाऊजींना आठवेना.

तुझी,
पाओ-लुआन (शाळेतली मोनिका)

ता. क. तू विचारणार नाहीस, तुमच्यात असलं विचारायचं नसतं, म्हणून मीच सांगते. मी नावाचं विचारलंच नव्हतं. ते सगळ्यांनी आपापलं धरून घेतलं. मी विचारलं, 'बाबा, चौतीस वर्षं झाली, आता मी जाऊ का?' स्वयंपाकघरात साधा पंखा लावू द्यायला ज्या माणसाने तीन उन्हाळे घेतले, तो लागोपाठ तीनदा हो म्हणाला. एकदाही हसला नाही.

ता. क. २. तेव्हा तुमचा मठ जो वृद्धाश्रम चालवतो, त्यात एक खाट मिळेल का? खिडकीशी नसली तरी चालेल. मी अजून धडधाकट आहे, सगळ्यांचा स्वयंपाक करीन. मासा सोडून काहीही. भाऊजींना अजून बोलले नाही. सोमवारपासून दुकानात फक्त चेहरा उरेल.

ता. क. ३. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवू नकोस. माझ्या नावाने जे येतं ते भाऊजी मंगळवारपासून चौकट करून भिंतीवर लावतात. त्यापेक्षा सोमवारी साडेतीनला पोचणाऱ्या गाडीला ह्वालिएनच्या स्टेशनवर ये. आली नाहीस तर बाकावर बसून राहीन. मला परतीचं तिकीट काढायचं नाही.