अधूनमधूनसाठी नवा शब्द

९ फेब्रुवारी

प्रगतिपुस्तकं! टेबलभर ढीग. मोठ्या बाईंचा यंदाही तोच फतवा — 'मागच्या सत्रातला शेरा पुन्हा दिसता कामा नये. पालकांना वाटतं, शिक्षक नुसती नक्कल करतात.' अहो, पण मुलं तीच, खोड्या त्याच! दर वेळी नवं इंग्रजी आणायचं कुठून?

पण आपल्याला येतं. उगाच नाही अख्खी स्टाफरूम माझ्याकडे शब्द विचारायला येत. 'समाधी'चं पुस्तक मुद्दाम शेवटी ठेवलं. ही तिसऱ्या बाकावरची मुलगी — चालू तासात एकदम टक लावून बसते. हाक मारा, ढिम्म! आणि क्षणात पुन्हा वहीत डोकं. 'लागली हिची समाधी!' असं मी एकदा म्हटलं, वर्ग खो-खो हसला, तेव्हापासून तेच नाव पडलं. पहिल्या सत्रात तिला लिहिलं होतं — ऑकेजनली लक्ष नसतं. दुसऱ्या सत्रात — फ्रॉम टाइम टू टाइम. दोन्हींचा अर्थ तोच, अधूनमधून. आज कोश काढला. इंटरमिटंटली? हवामानाच्या बातम्या वाटतात. स्पोरॅडिकली? साथीच्या रोगासारखं. मग सुचलं — वन्स इन अ ब्लू मून! तसं ते 'अगदी क्वचित'कडे झुकतं, पण वाक्य काय खुललं!

हे दारातून म्हणाले, 'जेवण पण आता अधूनमधूनच का?' कोश मिटला, उठले.

१४ फेब्रुवारी

पालकभेट. समाधीची आई आली. कपडे अल्टर करायचं छोटं दुकान आहे तिचं, मापाची टेप गळ्यात तशीच. इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून शेरा वाचून दाखवला, अर्थ सांगितला.

'म्हणजे फार नाही ना, बाई?'

'छे हो! क्वचित. वयच असतं तसं.'

त्या इंग्रजी ओळीवरून तिने बोट फिरवलं. मग म्हणाली, 'तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल.' चांगली बाई आहे. काही पालक किती वाद घालतात!

२० फेब्रुवारी

समाधी पडली. व्यायामशाळेतल्या शिडीवर अर्ध्यात पोचली आणि हातच सोडला. मनगट मोडलं. खेळाचे सर दुपारपर्यंत तेच सांगत होते — 'हाक मारली हो मी! डोळे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं.'

२५ फेब्रुवारी

हात बांधायला नेलं तेव्हा डॉक्टरांना कळलं — फिट्स येतात त्या मुलीला. हातपाय झाडण्याच्या नव्हेत — क्षणभर मेंदूच थांबतो. तिला स्वतःलाही कळत नाही.

समाधी म्हणे! मी नाव ठेवलं. वर्गभर पोरांना हसायला लावलं. जीभ झडली नाही कशी माझी!

आणि मोठ्या बाई स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणतात, 'डॉक्टरांनी यांचे शेरे वाचले. प्रत्येक सत्रात यांनी ते टिपलंय! याला म्हणतात लक्ष.' टाळ्या वाजल्या. मी मान खाली घातली, तर त्यांना तो विनय वाटला.

२६ फेब्रुवारी

तिची आई फाटकाशी भेटली. डॉक्टरांनी म्हणे तीनही शेरे ओळीने लावले — आधी अधूनमधून, मग कधीकधी, आता तर क्वचितच. 'आपोआप कमी होतंय. औषधाची घाई नको, सहा महिन्यांनी बघू.' हात बरा झाला की पोहायलाही जाऊ द्या म्हणाले. आई खुशीत होती. माझा हात धरून म्हणाली, 'तुमचे उपकार आहेत.'

कमी कुठे होतंय? तिच्यात काहीच बदललेलं नाही. बदलले ते माझे शब्द, तेही मिरवायला! आणि ते दिवसातून किती वेळा होतं हे मला ठाऊकच नाही. कधी नीट बघितलंच नाही.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. ती पोर पाण्यात उतरेल! पण तोंडातून शब्द फुटेना. एरवी केवढी शब्दांची राणी!

२८ फेब्रुवारी

आजही नाही सांगितलं. टाळ्या गोड लागल्या होत्या, दुसरं काय. आरशात बघवत नाही.

२ मार्च

आज शिकवलं नाही. मुलांना लिखाण दिलं आणि तिच्याकडे बघत बसले. समाधी लागली की एक बोट मिटायचं. मधल्या सुट्टीच्या आधीच दोन्ही हातांची बोटं संपली.

शाळा सुटल्यावर थेट दुकानात गेले. ती एका पँटची शिलाई उसवत होती. सगळं सांगून टाकलं — शेरे कसे बदलले, का बदलले, शब्द छान दिसला म्हणून कसा लिहिला. वाटलं, आता ही मला हाकलून देणार.

तिने कात्री खाली ठेवली. 'मला घरी रोज दिसायचं, बाई. जेवताना, केस विंचरताना. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सांगणार होते. पण तुमचं लिहिलेलं समोर होतं, तेही इंग्रजीत. म्हटलं, शिकलेल्या माणसाला दिसतं ते खरं. आईला आपलं उगाच दिसतं.'

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या दोघी डॉक्टरांकडे जाणार.

३ मार्च

डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. औषध आजपासून सुरू. पोहणं तूर्त बंद. मोठ्या बाईंनाही सांगितलं. 'हे बाहेर बोलू नका,' एवढंच म्हणाल्या.

४ मार्च

वर्गात सांगितलं — ते नाव मी ठेवलं होतं, माझं चुकलं, आता कुणी घ्यायचं नाही. ती वहीत काहीतरी खोडत होती.

१६ एप्रिल

तास संपल्यावर ती टेबलाजवळ आली. 'बाई, आता तुम्ही सगळं सांगता.'

म्हणजे गं?

'आधी तुम्ही मधलं मधलं गाळायचात. वाक्य अर्धं सोडून एकदम पुढचंच बोलायचात.'

'हो गं,' म्हटलं. 'गाळायचे मी.'