टायमिंगचा एक फेरा

मी, चंद्रप्रकाश आत्माराम मेस्त्री, वय ७१, राहणार कांजूरमार्ग पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि बाजूला बसून कोणी सांगत नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहती खोली पत्नी वनमाला हिची. बँकेतली ठेव मुलगा सर्वेश याची. अंमलबजावणी वनमालाने करावी. घरात तिचंच ऐकतात.

२. माझी १९८६ची डिझेल जीप सर्वेशला देत नाही. "बाबा, भंगारात टाका ना हा डबा," असं तो दर दिवाळीला म्हणतो. हा डबा भरल्या वजनाने माळशेज घाट चढलेला आहे, काळा धूर न सोडता. कारण डिझेल पंपाचं टायमिंग, म्हणजे इंजिनात डिझेल नेमकं कधी पडायचं ती वेळ, मी लावलेलं आहे. पहिल्या नळीतली धार तुटून थेंब पडू लागतो, तिथेच पंप आवळायचा. केसभर इकडे-तिकडे चालत नाही. एवढ्या कामासाठी मुलुंडपासून लोक माझ्याकडे गाड्या ओढत आणायचे. याचा मला अभिमान आहे आणि तो कमी करून लिहिणार नाही.

३. जीप आणि पान्यांची पेटी सून अपूर्वा हिला. ती विमा कंपनीत नोकरी करते. दर रविवारी माझ्या शेजारी बसून हे काम शिकली. दोन वर्षांपूर्वी मी पंप उतरवून परत बसवला, तर गाडी सुरू होईना. नुसता पांढरा धूर. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, इंजिनच्या चाकावरची खूण दोन फेऱ्यांत दोनदा येते, पण डिझेल एकदाच पडायला हवं ना? आपण चुकीच्या फेऱ्यावर लावलंय का?"

मी म्हणालो, "तू चहा ठेव."

सोमवारी ती ऑफिसला गेल्यावर मी इंजिनवरचं व्हॉल्वचं झाकण उघडलं. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व बंद हवे होते. एक उघडा होता, म्हणजे फेरा चुकलेलाच. इंजिन एक फेरा फिरवून पंप पुन्हा बसवला. गाडी लगेच सुरू. सगळ्यांना सांगितलं, डिझेलच्या पाईपमध्ये हवा अडकली होती.

ते खोटं होतं. चूक माझी, पकडली अपूर्वाने. पंचेचाळीस वर्षांत माझं टायमिंग चुकलेलं ओळखणारी ती एकटी, आणि तिला शिकवलं मी.

४. गॅरेजातला माझा भागीदार शिवदास साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही नाही. उलट १९९८ साली नेलेला माझा सोळा-सतराचा पाना त्याने अपूर्वाच्या पेटीत आणून ठेवावा.

५. वरचा मजकूर नऊ तारखेला लिहिला. शिवदासने वाचून पेन खाली ठेवलं. "हवा काढायला व्हॉल्वचं झाकण कोण उघडतो रे, चंद्या? मला तेव्हाच कळलं होतं. मेल्यावर काय सांगतोस तिला? आधी सांग, मग सही."

म्हणून आज सकाळी जीपपाशी तिला सांगितलं. तिने हात पुसले. म्हणाली, "माहीत होतं, बाबा. आता चहा तुम्ही ठेवा."

ठेवला. तो पिऊन झाल्यावर मी, शिवदास आणि डॉ. वालावलकर अशा तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार: चंद्रप्रकाश आत्माराम मेस्त्री (सही)

साक्षीदार:
१. शिवदास भिकाजी परब (सही, पाना आणला आहे)
२. डॉ. क्षमा वालावलकर (सही)

कांजूरमार्ग, मुंबई
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५