पहिलं पान कोरं

४ फेब्रुवारी
आज मानसोपचार केंद्रात रुजू झाले. स्वतःचं टेबल, तेही खिडकीपाशी! इथल्या प्रमुख बाईंच्या हाताखाली शिकायचं हे माझं कॉलेजपासूनचं वेड. इथला एक नियम आहे. रुग्णाच्या फाइलीचं पहिलं पान घराचं आणि बालपणाचं; ते भरल्याशिवाय विकाराचं नाव लिहायचं नाही. बाई म्हणाल्या, एका घरात जिला सोशिक म्हणतात तिलाच दुसऱ्या घरात परावलंबी म्हणतात, आणि सोळाव्या वर्षीचा तोरा हा काही आजार नव्हे. शेजारच्या टेबलाशी चिमणी नावाची मुलगी बसते, माझ्याच वयाची समुपदेशक. गोड आहे.

११ फेब्रुवारी
गोड कसली, साखरेत घोळलेली मिरची! बाई रोज तिच्याबरोबर डबा खातात. मी लिहिलेली फाइल वाचून नुसतं बरं म्हणाल्या, तिची वाचून पाठ थोपटली. अंगाचा तिळपापड झाला. मग गंमत म्हणून एका कोऱ्या फाइलीवर चिमणीचं नाव घातलं. पहिलं पान सोडून थेट दुसऱ्यावर लिहिलं: एकटी राहू शकत नाही. फार हलकं वाटलं.

१३ फेब्रुवारी
चिमणी दिवसभर माझ्या मागे मागे. एकटीला बसवत नाही म्हणाली. योगायोग असेल. जाताना आणखी एक ओळ घातली: क्षुल्लक कारणावरून रडते.

१४ फेब्रुवारी
रडली. पेन सापडेना म्हणून.

१८ फेब्रुवारी
चिमणीची आई आली होती. चिमणीने तिला ओळखलं नाही. लहानपणी कुठे राहायचीस म्हटलं तर तेही तिला आठवेना. मी धावत जाऊन तिचं पहिलं पान भरायला घेतलं. पण मला तिच्याबद्दल माहीत काय आहे? एक ओळही सुचली नाही.

२० फेब्रुवारी
फाइल फाडली. फरक नाही. चिमणी आता समोरच्या खोलीत, रुग्ण म्हणून. आणि बाई दिवसभर तिच्या उशाशी. तिचे केस विंचरतात. माझ्याशी कधी एवढं -- मग मी हे केलं कशासाठी?

२२ फेब्रुवारी
भीती वाटते. पण त्याहून जास्त जळते मी, खोटं कशाला लिहू. कोरी फाइल घेतली. माझं नाव घातलं. पहिलं पान आधी भरणार होते, शपथ -- पण त्या खोलीतून बाईंचं हसू ऐकू आलं -- सरळ दुसरं पान --

२३
बाई आल्या. माझ्याजवळ बसल्या. हात हातात घेतला. माझा. विचारलं, "घरी तुला काय म्हणायचे गं?"
मला घरी --
आमच्या घरी --
आई मला