नोमखोसीला फाटकावरून घरी आणण्याबाबत

मी, फानी जोनास मासिलेला, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण मिशनच्या शाळेत इयत्ता चौथी, वीज केंद्रातील बॉयलरवरचा मुकादम, हल्ली निवृत्त, राहणार एम्लांजेनी वस्ती, प्रांत म्पुमालांगा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, दृष्टी अधू आहे, आणि हे कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही, घाई नव्हती.

कलम १. माझ्या गाई मुलगा म्पुमेलेलो यास द्याव्यात. त्याचा कोळशाचा ट्रक त्याचाच आहे, त्यावर माझा हक्क नाही व लोभही नाही. माझी हातगाडी शेजारी म्त्स्वेनी यांनी मागेच नेलेली आहे. ती आता त्यांनी आपलीच समजावी, परंतु आपण ती विकत घेतली असे लोकांस सांगू नये. केंद्राने दिलेले मानपत्र मी स्वतः भिंतीवरून उतरवले असून त्याची फळी कोंबड्यांच्या खुराड्यास लावली आहे.

कलम २. राहते घर मुलगी बुसिस्वे हिला द्यावे. तिच्या लहानग्या लिंडिवेला दम्याचा विकार आहे. पूर्वेचा वारा सुटला की केंद्राची राख अंगणात येते व तिला श्वासाचे यंत्र लावावे लागते. यंत्र विजेवर चालते, आणि वीज त्याच केंद्राची. वीज जाते तेव्हा आम्ही तिला उभी धरून बसतो. हा अंधार दूर करण्यात मी उभे आयुष्य घातले, असे मी पूर्वी पाहुण्यांना सांगत असे. हल्ली सांगत नाही.

कलम ३. गोठ्यामागील जमीन, जीत माझे आईवडील व पत्नी नोमखोसी पुरलेली आहेत. तिच्याखाली कोळसा आहे, तो कंपनीला केंद्रासाठी हवा आहे. वस्तीतील इतर सर्वांनी आपापली थडगी हलविण्यास संमती दिली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची मुले बेकार आहेत. संमती केवळ आमची उरली आहे.

वकीलसाहेबांच्या माहितीसाठी लिहितो. नोमखोसी शहरातील इस्पितळात छातीच्या विकाराने वारली. असे परगावी मरण आले की आमच्यात काटेरी बोरीची फांदी मरणाच्या खाटेला टेकवून घरी आणतात. देह वेगळा आणतात; मृत व्यक्ती स्वतः फांदीवर बसून येते. टॅक्सीत तिच्या जागेचे भाडे वेगळे भरतात. फांदी धरणाऱ्याने वाटेत फक्त तिच्याशीच बोलावे, ओढा लागला की त्याचे नाव तिला सांगावे. दुसऱ्या कोणाशी बोलल्यास ती तिथेच उतरते.

फांदी म्पुमेलेलोच्या हाती होती. वीज केंद्राच्या फाटकासमोर त्याचा फोन वाजला. कोळसा उतरविण्याच्या रांगेत त्याच्या ट्रकचा नंबर लागला होता. तो फोनवर म्हणाला, "हो, रांग सोडू नको, आलोच." माझ्या बहिणीने तोंडाला शालीचे टोक लावले. घरी आल्यावर आम्ही बकरा कापला, ज्वारीची दारू ओतली आणि नोमखोसी आली असे वागलो. त्या मांसाचा घास मीही गिळला.

गेल्या ईस्टरला कंपनीचे गृहस्थ चहाला आले. बुसिस्वेने संमती देणार नाही म्हणून स्पष्ट सांगितले. तेव्हा म्पुमेलेलो त्यांच्यासमक्ष मला म्हणाला,

"बाबा, आई तिथे नाहीच ना? तुम्ही मनात तेच धरून बसलाय, मला काय कळत नाही? मग नुसती हाडं हलवली तर कुणाचं काय जातं?"

बुसिस्वे म्हणाली, "तिला उतरवली कुणी, दादा? सांग की पाहुण्यांना."

गृहस्थ चहात साखर ढवळीत राहिले. माझ्या घराण्यात परक्या माणसासमोर मान खाली घालण्याची रीत नव्हती. त्या दिवशी ती मी घातली.

सबब या जमिनीविषयी माझी इच्छा अशी: माझे दफन होण्यापूर्वी म्पुमेलेलोने फाटकावर पायी जावे, आईची क्षमा मागावी आणि तिला फांदीवर घेऊन पायीच घरी यावे. ती येईपर्यंत जमीन कोणासही देऊ नये, व मला तिच्या शेजारी पुरू नये. ती आल्यानंतर बहीणभावांनी तिच्यासमोर बसून काय ते ठरवावे. मला विचारून नव्हे. ज्याने त्या भट्टीत कोळसा लोटला आणि ज्याच्या नातीचा श्वास त्याच भट्टीवर चालतो, त्याला होय म्हणण्याचे तोंड नाही, आणि नाही म्हणण्याचेही नाही.

हे पत्र वाचून दाखविले व समजून सही केली. ठिकाण एम्लांजेनी, तारीख १४ ऑगस्ट २०२२.

(सही) फानी जोनास मासिलेला

समक्ष साक्षीदार: १. रेव्हरंड अब्सलोम जियाने. २. श्रीमती डोर्कास स्कोसाना, परिचारिका.

ताजा कलम: माझा मुलगा म्पुमेलेलो वारस असल्याने त्याची साक्ष घेतलेली नाही. परंतु वाचन होईतो तो दाराशी उभा होता. फाटकापासून घरापर्यंत कोणकोणते ओढे लागतात, व ओलांडताना आईला त्यांची कोणती नावे सांगायची, एवढेच त्याने विचारले. ती मी त्याला सांगितली.