सरासरी चार मिनिटं

३ जानेवारी १९९४, सोमवार. सकाळी ९.
नवीन वर्ष, नवीन वही. रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही.
कालच साहेबांनी बोलावून सांगितलं की वरून पत्र आलंय. फोन आल्यापासून बंब आगीच्या जागी पोचेपर्यंत किती मिनिटं लागतात, त्याचा हिशेब तीन महिन्यांत द्यायचा. म्हणाले, गुणवंत, हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार? खरं आहे. फोनवर मी, रजिस्टर माझं.
गेल्या वर्षीची सरासरी काढली. चौदा मिनिटं. लाज वाटली. रेल्वेचं फाटक बंद असतं हे कारण आहे, पण वरच्यांना फाटक दिसत नाही.
रोगाचं मूळ एकच, स्टाफ उशिरा येतो. म्हणून आज स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. घरी आमची ही पण तेच करते, नाहीतर आमच्या मनालीची शाळा बुडते. माझं मनगटावरचंही पुढे केलं. डोंगरीचा धाकू, आमचा ड्रायव्हर, तेवढा ऐकेना. म्हणाला, माजा घड्याल रेडिओवर लावलेला हाय, मी न्हाय बदलनार. अशा लोकांमुळेच देश मागे आहे.

१० जानेवारी, सोमवार.
विश्वास बसत नाही. पहिल्या आठवड्याची सरासरी: चार मिनिटं!
चौदावरून चार. एका आठवड्यात. पुन्हा बेरीज केली, तेवढीच. पद्धत नेहमीचीच: फोन आला की मी भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लिहितो. पोचल्याची वेळ धाकू आपलं मनगट बघून चिठ्ठीवर लिहून आणतो. वजाबाकी केली की झालं. शिस्त लागली की असं होतं. साहेबांनी पाठ थोपटली.

१९ जानेवारी, बुधवार.
दूरदर्शनवाल्यांना अजिबात शिस्त नाही. सातच्या बातम्या रोज सात वाजून दहा मिनिटांनी लावतात. पत्र लिहिणार आहे.

८ फेब्रुवारी, मंगळवार.
पेणकरपाड्यात आग. स्टोव्हचा भडका. फोन २:१७. बाईचा आवाज, धाप लागलेली, पत्ता दोनदा सांगितला. धाकूची चिठ्ठी: पोचलो २:२१. चार मिनिटं.
तरी उपयोग झाला नाही. इंदूबाई नावाच्या आजी होत्या, पायाचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. धुरात गुदमरल्या. धाकू आल्यावर तोंड धूत राहिला. नंतर म्हणाला, लय येल झाला रं. मी म्हणालो, चार मिनिटं म्हणजे वेळ होय? तो पुन्हा तोंड धुवायला गेला.
जेवण गेलं नाही. वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवतो. पण आपल्याकडून कसूर नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार.
इंदूबाईंचे यजमान आले होते. नागोराव. मूळचे परभणीकडचे, कारखान्यातून रिटायर झालेले. बरोबर सून, संघप्रिया. तिनेच फोन केला होता. मुलगा जीवन सुरतेला कामाला असतो. सून दारातच उभी राहिली.
नागोराव म्हणाले, साहेब, गाडी लई उशिरानं आली असं वस्तीतले म्हणतेत, तेवढं रजिस्टर दाखवा. मी अभिमानाने उघडून दाखवलं. फोन २:१७, पोच २:२१.
त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग सुनेकडे वळले. दोनच्या भोंग्याला तू नळावर गेलीस, तीन मिनिटांत धूर दिसला म्हणतेस. पळत फोनवर जायला चार मिनिटं. म्हणजे दोन वाजून सात. हितं तर सतरा लिवलंय. दहा मिनिटं कुठं होतीस?
ती म्हणाली, मामा, मी पळतच गेले. थांबले नाही कुठं.
ते म्हणाले, सरकारी कागद खोटं बोलत नाही.
मला बरं वाटलं. कागदावर एवढा विश्वास हल्ली कुणाचा असतो? तिचं तोंड मात्र पुसलेल्या पाटीसारखं झालं. नागोराव पुढे निघून गेले, ती मागून.

२३ फेब्रुवारी, बुधवार.
दुपारी फोन. हॅलो म्हणालो. कुणी बोलेना. नुसती धाप. कुणीतरी खूप पळून आल्यासारखी. मग ठेवला.
सहज घड्याळ पाहिलं. २:१७.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार.
पुन्हा. २:१७. तीच धाप.
काल गुरुवारची माझी सुट्टी, फोनवर सुभाष होता. त्यालाही आला म्हणे. तो म्हणतो, पोरं असतील. पोरं एवढी वेळ पाळतात?

२८ फेब्रुवारी, सोमवार.
रोज येतो. शनिवारी, रविवारी, आजही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण बाई गेल्या त्या आगीचा फोन २:१७ ला, आणि हाही २:१७ ला. धापही बाईचीच. पाठीला घाम आला. पंखा चालू होता.
निश्चय: उद्यापासून २:१५ ते २:२० चहा प्यायला बाहेर.

१ मार्च, मंगळवार.
चहाला गेलो. कप हातात, आणि टपरीपर्यंत रिंग ऐकू आली. खरा आगीचा असेल तर? पळत येऊन उचलला. आता दोन्ही बाजूंनी धाप. थोडा वेळ आम्ही तसेच होतो.

९ मार्च, बुधवार.
आज अघटित घडलं. कुणाला सांगणार नाही.
मागच्याच गल्लीत गादीवाल्याच्या दुकानाला आग. फोन ११:२०. धाकूची चिठ्ठी: पोचलो ११:१४.
म्हणजे फोन येण्याच्या आधी सहा मिनिटं गाडी पोचली.
धाकूला विचारलं. म्हणाला, मी बगलाय ना डोल्यानी, अकरा चवदा. मी विचारलं, तुला आग लागणार हे आधी कुणी सांगितलं? तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, तुज्या डोक्यावर पानी मारू का?
उणे सहा मिनिटं. सरासरीत कशी धरायची? शेवटी १४ मधल्या एकचा दोन केला. ११:२४. चार मिनिटं. एवढीशी रेघ. आपली सरासरीच चार आहे, त्यामुळे हे खोटं म्हणता येणार नाही.
पण मनातून जात नाही. ती गेलेली बाईच गाडीही बोलावते आणि फोनही करते.

१५ मार्च, मंगळवार.
हिला सांगितलं. ही म्हणाली, अतृप्त आत्मा असतो, लिंबू-मिरची बांध. फोनला बांधली. साहेबांनी विचारलं, हे काय? म्हणालो, डास येतात.
२:१७. वाजलाच. मिरची हलली.

२३ मार्च, बुधवार.
अहवाल दिला. एकोणीस पानं, दोन आलेख, लाल शाईत. सरासरी चार मिनिटं. साहेब म्हणाले, गुणवंत, तू नाव काढलंस. मिरा रोडला दुसरा बंब ठेवा असा जुना अर्ज पडून होता. चार मिनिटांत पोचतोय म्हटल्यावर दुसरा कशाला? साहेबांनी फाइल बांधून कपाटावर टाकली.
चौदा एप्रिलला अग्निशमन सेवा दिन. त्यात माझा सत्कार आहे.

३१ मार्च, गुरुवार. सुट्टी.
निश्चय केला होता की आज सोक्षमोक्ष. नारळ घेऊन पेणकरपाड्यात गेलो. जळक्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून हात जोडायचे आणि सांगायचं, आजी, आमचे लोक चार मिनिटांत आले होते, आता शांत व्हा.
समोरच्या कट्ट्यावर बसलो. खोलीला नवीन पत्रा घातलाय, भिंत अजून काळी आहे. माझ्या घड्याळात दोन वाजून दहा झाले आणि भोंगा वाजला. शेजारी विडीवाला होता. त्याला विचारलं, ये कौनसा भोंगा? म्हणाला, दो बजे का. म्हटलं, लेट है? तो हसला. भाईसाब, भोंगा लेट नहीं होता, आपकी घडी आगे होगी.
मी घड्याळाकडे बघत बसलो. तरी म्हटलं, योगायोग असेल.
तीन मिनिटांनी नळावरून संघप्रिया निघाली. पदर खोचलेला, चपला हातात. धावत सुटली. बायका बाजूला होत होत्या, त्यांना सवय झालेली दिसली. मी नारळ घेऊन मागे. कोपऱ्यावरच्या एसटीडीच्या दुकानात ती शिरली, तीन आकडे फिरवले, धापा टाकत ऐकलं, ठेवला. दुकानातलं घड्याळ बघून छोट्या वहीत लिहिलं.
दुकानातल्या घड्याळात २:०७. माझ्या घड्याळात २:१७.
तिने मला ओळखलं. तुम्ही फोनवाले ना, म्हणाली. रोज पळून बघते, भाऊ. चारच मिनिटं लागतात, कधी चाराला थोडी कमी. त्या दिवशी तर जीव खाऊन पळाले होते. मामा माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. तुम्ही बोलता का कळावं म्हणून फोन लावते, मग हिंमतच होत नाही. माझी दहा मिनिटं तुमच्याकडं राहिलीत का बघा ना, भाऊ.
म्हणालो, बघतो. नारळ तसाच घरी आणला. हिने त्याची चटणी केली.

१ एप्रिल, शुक्रवार.
दहा मिनिटं माझ्याकडे आहेत. भिंतीवर. स्टुलावर चढून मीच ठेवली.
म्हणजे तिचा फोन २:०७ चा. गाडी २:२१ ला. चौदा मिनिटं. गेल्या वर्षीएवढीच. शिस्तबिस्त काही लागली नव्हती. गादीवाल्याकडेही कुणी आधी पोचलं नव्हतं.
निश्चय: उद्या साहेबांना सांगायचं. उद्या, कारण आज एप्रिल फूल, चेष्टा वाटेल.
२:१७. फोन. आज पहिल्यांदा बोलली. म्हणाली, भाऊ, सापडली का?
म्हणालो, शोधतोय.

२ एप्रिल, शनिवार.
साहेब रजेवर.

४ एप्रिल, सोमवार.
साहेब आले, पण मूड बरा नव्हता.
२:१७. सापडली का? म्हणालो, जुनी रजिस्टरं काढावी लागतील.

८ एप्रिल, शुक्रवार.
भूत होतं तेव्हा बरं होतं. भुताला लिंबू तरी बांधता येतं. ही जिवंत आहे आणि भाऊ म्हणते. लिंबू काढून टाकलं.
मुद्दा असा आहे की अहवाल वर गेला आहे. आता बदलला तर आपल्या अग्निशमन केंद्राची बदनामी, साहेबांची बदनामी. माझा प्रश्नच नाही. सत्कार झाला की लगेच सांगतो. सत्कार घेतलेल्या माणसाचं लोक जास्त ऐकतात.

१४ एप्रिल, गुरुवार.
सुट्टी असून गेलो. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र. त्यावर सुवर्णाक्षरात चार मिनिटं. आज बाबासाहेबांची जयंतीही. बाहेरून मिरवणुकीचे ताशे ऐकू येत होते. पेणकरपाड्याचीही मिरवणूक असणार. वाटलं, तीही निळ्या साडीत कुठेतरी असेल, आज तरी पळणार नाही.
मी भाषणाला उभा राहिलो तर आत फोन वाजला. सगळ्यांनी घड्याळ बघितलं असं मला वाटलं. कुणी बघितलं नव्हतं. धाकूने उचलला. नंतर मला म्हणाला, कोन बाय हाय, तुला इचारतंय सापडली का. काय हारवलाय तुजा?
श्रीफळ माझ्या हातातून पडलं.

१६ एप्रिल, शनिवार.
२:१७. सापडली का? गप्प राहिलो. मग म्हणाली, राहू द्या, भाऊ.

१९ एप्रिल, मंगळवार.
तीन दिवस फोन नाही. सुटलो. झोप लागायला हवी होती.

२१ एप्रिल, गुरुवार.
सुट्टी. जायचं ठरवलं होतं. ऊन फार होतं.

२४ एप्रिल, रविवार.
रजा टाकून गेलो. कागद लिहून नेला होता: फोन २:०७, पोच २:२१, केंद्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे होते, सूनबाईंकडून विलंब नाही. साध्या कागदावर. सही नाही केली, सहीचा अधिकार साहेबांचा आहे.
नागोराव एकटेच होते. स्वतःच चहा करत होते, नवीन स्टोव्हवर, दार सताड उघडं ठेवून. कागद दोनदा वाचला. खाली बसले. चहा उतू गेला तरी उठले नाहीत.
मी विचारलं, सूनबाई? म्हणाले, गेली मागल्या रविवारी. परभणीला, माहेरी. जीवन न्यायला आला होता. जाताना पाया पडली, मी पाय मागं घेतले.
मग विचारलं, तिनं उशीर न्हाई केला, मंग उशीर कुणाचा झाला, साहेब?
मी म्हणालो, घड्याळाचा.
ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग उठून पत्र्याच्या पेटीतून तिची वही काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, तुमचं मोजायचं काम आहे ना? हे पण मोजा.
रिक्षात मोजलं. त्रेपन्न ओळी. तारीख, निघाले, पोचले. चार मिनिटं. चार. तीन पन्नास. चार. १४ एप्रिललाही चार. ही खरी सरासरी. मिरवणूक सोडून पळाली होती.
माझीही काढली. पहिला फोन २३ फेब्रुवारी, मी पोचलो २४ एप्रिल. साठ दिवस.

२५ एप्रिल, सोमवार.
सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन घड्याळ दहा मिनिटं मागे केलं. रजिस्टरमध्ये २:१७ खोडून २:०७ केलं. पेन्सिलीने, पण केलं. साहेबांना सांगायला गेलो. त्यांनी आधीच विचारलं, आज सगळे दहा मिनिटं लवकर कसे? घड्याळाला काय झालं? सांगितलं, मागे पडलं होतं, लावतो.
स्टुलावर चढलो. पुढे केलं.
२:१७ ला रिसीव्हर उचलला. वाजला नव्हता. डायल टोन येत होता.
म्हणालो, सापडली, ताई. माझ्याकडेच आहेत.