दोष ब्रेकचा नव्हता

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

मी धडधाकट आहे, हे आधी आईला सांगा, मगच पुढचं वाचा.

रविवारी आमच्या गॅरेजच्या मालकांनी त्यांची स्पोर्ट्स कार मला ऑटोक्रॉससाठी दिली. मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एकेकाने कमीत कमी वेळात गाडी काढायची. मला वाटलं, ड्रायव्हरचा मुलगा मी, हा तर डाव्या हातचा मळ! तिसऱ्याच वळणावर गाडी गरकन फिरली आणि नऊ शंकू आडवे झाले. लोक हसले. मी उतरून म्हणालो, "ब्रेकच लागले नाहीत."

ते ब्रेक माझ्याच खोलीतल्या जोडीदाराने बसवले होते. मालक त्याला चारचौघांत नको ते बोलले. तो मान खाली घालून उभा राहिला आणि मी गप्प बसलो.

सोमवारी मी मालकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला काय सांगतोस? त्याला सांग, सगळ्यांसमोर." सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी दोनदा तपासले होते रे." चहा अजून दोघांचा करतो, पण माझ्याकडे बघत नाही.

तुम्ही तीस वर्षं बस चालवलीत, कधी आपली चूक गाडीवर ढकलली नाहीत. गुडघा कसा आहे? आईला फक्त शंकूंचं सांगा, बाकीचं तुमच्यापाशीच ठेवा.

तुमचा, शरमलेला,
धाकटा