कॅमेऱ्याचा पगार

मी, खाली सही करणारा, धंद्याने फोटोग्राफर, वय वर्षे बहात्तर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाला बळी न पडता, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर लिहीत आहे. हात थरथरतो, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे तपासून सांगितले आहे.

१. राहते घर पत्नीच्या नावे. धंद्याच्या सुरुवातीला मी फक्त कागदाचे आणि फिल्म धुण्याचे पैसे लावी आणि वर खूश असे. तिने एकदा विचारले, "आणि कॅमेरा काय झाडाला लागतो?" तेव्हापासून प्रत्येक कामाच्या पैशातून आधी कॅमेऱ्याचा पगार डब्यात पडू लागला, मग आमचा. कॅमेरा थकला की त्याच्याच पगारातून नवा येई. घर उभे राहिले ते या डब्यामुळे, माझ्या कलेमुळे नव्हे.

२. बँकेतील ठेवही तिचीच. तिने ती मनसोक्त उडवावी, फक्त भावाला उसनी देऊ नये.

३. सदर भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, याने आपल्या तिन्ही मुलांच्या लग्नाचे फोटो "घरचंच तर आहे, नुसतं बटण दाबायचंय" असे म्हणून फुकटात काढून घेतले. त्याला माझा जळलेला फ्लॅश द्यावा. बटण त्यालाही आहे.

४. स्टुडिओ, कॅमेरे, दिवे आणि पगाराचा डबा मुलीला, पण एका अटीवर. पोरगी माझ्यापेक्षा सरस फोटो काढते, मात्र दर सांगायची वेळ आली की तिची दातखीळ बसते. "द्या तुम्हाला वाटेल ते," म्हणते. अशाने स्टुडिओला कुलूप लागेल, याची मला खरोखर भीती वाटते. माझ्या पश्चात भिंतीवर लावायचा फोटो तिने गेल्या आठवड्यात काढला. त्याचे पूर्ण दराचे बिल तिने माझ्या हयातीत माझ्या हातात द्यावे. न दिल्यास स्टुडिओ मेव्हण्याला जाईल.

५. पुरवणी, आजच दुपारी. कलम चार मुलीला वाचून दाखवले. ती उठून आत गेली. मला वाटले, रुसली. बाहेर आली ती बिल घेऊन. आकडा पाहून मी चष्मा पुसला.

"अगं, माझ्या दराच्या दीडपट?"

"तुमची लेन्स कधीच फिटलीय, बाबा. माझी हप्त्यावर आहे. तिचा पगार कोण काढणार?"

"बापाला काही सूट?"

"आणि मामाला कळलं म्हणजे?"

सबब अट रद्द. स्टुडिओ विनाअट मुलीचा. बिल रोख चुकते केले. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कोणाला पैसे दिले नव्हते.

स्थळ: स्टुडिओची मागची खोली
दिनांक: १४ मार्च, सोमवार, स्टुडिओची सुट्टी

सही (वाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. डॉक्टर
२. शेजारचे शिंपी (शिलाईच्या दरात मशीनचा पगार कसा धरायचा, हे विचारून मगच सही केली)

सोबत: फोटो एक. त्यात माझा चेहरा काळजीत दिसतो, कारण तो बिल मिळण्याआधीचा आहे. नवा काढायला सांगितला आहे, पूर्ण दराने.